भाकीत आणि पूर्तता : शुभवर्तमानांपासून नगरच्या कीर्तनापर्यंत

येशूच्या शिष्यांच्या पहिल्या पिढीजवळ नवा करार नव्हता. त्यांचे पवित्र शास्त्र म्हणजे यहुदी समाजाचे शास्त्र : मोशेचे नियमशास्त्र, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि स्तोत्रे. दर शब्बाथाला सभास्थानात ते वाचले जाई आणि ऐकून ऐकून लोकांना पाठ होई. इ.स. ३० च्या सुमारास रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने येशूला क्रूसावर खिळण्यात आले, तेव्हा अनुयायांपुढे उभा राहिलेला पेचही याच शास्त्राने घातलेला होता. ज्याला त्यांनी देवाचा अभिषिक्त मानले होते तो लाकडावर टांगून मारला गेला, आणि नियमशास्त्रातल्या अनुवाद या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायाप्रमाणे टांगलेला माणूस देवाने शापिलेला ठरतो. तो पुन्हा उठला अशी त्यांची साक्ष होती. पण ज्याचा असा अंत झाला तोच अभिषिक्त कसा, हे सांगायला त्यांना शास्त्राचीच भाषा हवी होती. भाकीत आणि पूर्तता हा शुभवर्तमानांतला मोठा विषय या गरजेतून वाढला. क्रूस आधी घडला आणि वचने नंतर सापडली. हा क्रम ध्यानात ठेवला की पुढच्या बहुतेक अडचणी सुटतात, आणि ज्या सुटत नाहीत त्या निदान नेमक्या कळतात.

मराठी वाचकाच्या मनात भविष्य म्हटले की पंचांग, पत्रिका आणि ग्रहमान येते. जुन्या करारातला संदेष्टा या वर्गातला नाही. तो आपल्या काळातल्या राजाशी, पुरोहितांशी आणि बाजारातल्या मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यांशी बोलतो. इ.स.पू. आठव्या शतकातला आमोस गरिबांना जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांना धारेवर धरतो. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून मंदिर वाचवणार नाही असे बजावतो. पुढे काय घडेल हे संदेष्टा सांगतो ते बहुधा अटीवर सांगतो : असेच चालत राहिलात तर असे होईल. योनाने निनवे शहराचा नाश चाळीस दिवसांवर आल्याचे सांगितले, शहराने पश्चात्ताप केला आणि नाश टळला. योना रुसला, पण ग्रंथ देवाच्या बाजूने आहे. मीखाने यरुशलेमेविषयी सांगितलेला विनाश हिज्कीया राजा नमल्यामुळे टळला, याची आठवण शंभर वर्षांनी यिर्मयावरच्या खटल्यात काढली गेली आणि ती त्याच्या बचावाला आली. शब्द खरा ठरला नाही हेच तिथे त्या शब्दाचे यश आहे.

अनुवाद ग्रंथात खऱ्या-खोट्या संदेष्ट्याची पारख दोन ठिकाणी दिलेली आहे. अठराव्या अध्यायात कसोटी सरळ आहे : बोललेले घडले नाही तर तो बोल परमेश्वराचा नव्हे. तेराव्या अध्यायातली कसोटी अधिक खोल आहे. एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरेच घडून आले, पण तो लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकायचे नाही. सांगितलेले घडले एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे या शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत होते. ज्यांना शुभवर्तमानांतील पूर्ततेचा प्रकार अचूक ठरलेल्या भविष्यांची यादी म्हणून मांडायचा असतो, त्यांनी हा तेरावा अध्याय आधी वाचायला हवा.

चार शुभवर्तमानांपैकी पूर्ततेचा उच्चार सर्वांत जास्त वेळा करतो तो मत्तय. संदेष्ट्याच्या द्वारे जे सांगितले होते ते पूर्ण व्हावे म्हणून असे झाले, या अर्थाचे ठरीव वाक्य त्याच्या ग्रंथात दहाच्या आसपास वेळा येते आणि त्यातली जवळजवळ निम्मी स्थळे पहिल्या दोन अध्यायांत, म्हणजे जन्मकथेतच आहेत. ग्रंथ इ.स. ८० ते ९० च्या दरम्यान लिहिला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाचक यहुदी शास्त्र जाणणारे होते. म्हणून मत्तय कोणती वचने निवडतो आणि त्यांचे काय करतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

मीखाचे वचन सर्वांत सोपे. इस्राएलावर राज्य करणारा बेथलेहेमातून निघेल असे तिथे म्हटले आहे, आणि मत्तयाच्या सांगण्यानुसार येशूचा जन्म बेथलेहेमात झाला. हे भाकीत शब्दशः जुळते. पण लगेच पुढे होशेयाचे वचन येते आणि वाट बदलते. योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन मिसरात पळाले आणि हेरोद मेल्यावर परतले, यात मत्तयाला होशेयाच्या अकराव्या अध्यायातले, मिसरातून आपल्या पुत्राला बोलावल्याचे वचन पूर्ण झालेले दिसते. होशेयाचा तो अध्याय उघडला तर तिथे पुढच्या काळाबद्दल काहीच नाही. देव तिथे मागे पाहतो आहे. पुत्र म्हणजे इस्राएल लोक, मिसरातून बोलावणे म्हणजे मोशेच्या काळातली सुटका, आणि सूर आहे तो हाताला धरून चालायला शिकवलेल्या लेकराने पाठ फिरवल्याच्या दुःखाचा. मत्तयाला हे ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. त्याला सांगायचे आहे ते हे : जे लोकांच्या वाट्याला आले तेच या बाळाच्या वाट्याला येत आहे, मिसर, पलायन, लेकरांना मारणारा राजा, सारे पुन्हा घडते आहे, आणि जिथे पहिला पुत्र अडखळला तिथे हा अडखळणार नाही. इथे पूर्तता म्हणजे एका जुन्या कथेचा आकार नव्या माणसाच्या आयुष्यात भरून येणे.

बेथलेहेमातल्या बाळांच्या हत्येजवळ मत्तय यिर्मयाचे राहेलीच्या आक्रोशाचे वचन ठेवतो. यिर्मयाच्या मनात होते ते बाबेलला नेले जाणारे बंदिवान, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीचे. यिर्मयाच्या त्या अध्यायात आक्रोशानंतर लगेच सांत्वन आणि पुढे नव्या कराराचे वचन आहे. मत्तय सांत्वन उद्धृत करत नाही. ज्याला अध्याय पाठ आहे त्याला ते आठवेल असा त्याचा भरवसा दिसतो. नासरेथाविषयीचे स्थळ तर अधिकच अवघड आहे. तो नासोरी म्हटला जाईल असे संदेष्ट्यांच्या द्वारे सांगितल्याचे मत्तय म्हणतो, पण असे वचन जुन्या करारात कुठेही सापडत नाही. इशायाच्या खोडाला फुटणाऱ्या फांदीचा किंवा देवाला वाहिलेल्या नाजीराचा तो संकेत असावा, अशी उत्तरे दिली जातात. खात्रीचे एकही नाही.

इम्मानुएलाचे वचन सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादाचे. यशयाच्या सातव्या अध्यायात यहुदाचा राजा आहाज घाबरलेला आहे. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अरामाचा आणि उत्तरेकडच्या इस्राएलाचा राजा मिळून यरुशलेमेवर चालून येत आहेत. यशया त्याला चिन्ह देतो : एका तरुणीला मुलगा होईल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळण्याआधी या दोन्ही राजांचा मुलूख ओस पडेल. आहाजासाठी चिन्हाचा अर्थ काही वर्षांच्या आतला होता. पुढे झालेल्या ग्रीक भाषांतरात तरुणीच्या जागी कुमारी असा शब्द आला, आणि मत्तय तेच भाषांतर वापरतो. यशयाच्या काळात पुरा झालेला अर्थ आणि मत्तयाने पाहिलेला अर्थ यांपैकी एकाला खोटे ठरवावेच लागते असे नाही. मात्र यशया आहाजाशी बोलताना सातशे वर्षांनंतरच्या मरियेचाच विचार करत होता असे ठासून सांगणारा वाचक आहाजाला चिन्हावाचून परत पाठवतो.

अशा वाचनाची रीत मत्तयाने शोधून काढलेली नव्हती. १९४७ पासून मृतसमुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये हबक्कूक संदेष्ट्यावरचे एक भाष्य आहे. एक वचन घ्यायचे आणि त्याचा अर्थ आपल्या पंथाच्या गुरूला, त्याच्या छळाला आणि रोमी सैन्याला लावायचा, अशी त्याची मांडणी आहे. हबक्कूकाने लिहिले ते खास्द्यांविषयी. कुमरानवासी ते आपल्या डोळ्यांसमोरच्या घटनांत वाचत होते. शेवटचा काळ आपल्यातच सुरू झाला आहे असे मानणारे दोन यहुदी गट, कुमरानचा आणि येशूचा, एकच शास्त्र सारख्याच पद्धतीने वाचत होते. फरक पद्धतीत नाही, कोणाभोवती वाचायचे यात आहे.

बाकीची तीन शुभवर्तमाने मत्तयासारखी वाक्ये पुन्हा पुन्हा आणत नाहीत. मार्काचे शुभवर्तमान चौघांत आधीचे, इ.स. ७० च्या आसपासचे; ते आरंभीच यशयाचे नाव घेऊन अरण्यात घोषणा करणाऱ्याचे वचन देते, जरी त्या अवतरणाचा पहिला तुकडा मलाखीच्या ग्रंथातला आहे. त्यानंतर मार्क जुने वचन बहुधा नाव न घेता कथेतच विणतो. लूक पूर्ततेला एका दृश्यात बांधतो, आणि ते दृश्य साऱ्या विषयातले सर्वांत जिवंत आहे. येशू आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात, यशयाची गुंडाळी हातात घेतो. एकसष्टाव्या अध्यायातला दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका हा भाग वाचतो, गुंडाळी मिटून सेवकाला देतो, खाली बसतो आणि हे आज तुमच्या कानांदेखत पूर्ण झाले असे सांगतो. वाक्य अर्ध्यावर तोडून तो थांबला आहे. यशयात लगेच पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख येतो, तो त्याने वाचलेला नाही. देवाची कृपा परक्यांवर, सारफथच्या विधवेवर आणि अरामी नामानावर झाल्याची आठवण तो करून देतो, तेव्हा तेच गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघतात. लूकाच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना पुनरुत्थित येशू मोशेपासून सर्व संदेष्टे उलगडून सांगतो. कोणती वचने सांगितली हे लूक लिहीत नाही, एकही नाही. त्याचा रोख सुट्या वचनांपेक्षा सबंध शास्त्रावर आहे.

योहान या विषयावर सर्वांत प्रांजळ आहे. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला त्या प्रसंगी तो नोंदवतो की शिष्यांना त्या वेळी यातले काही कळले नव्हते. येशूचा गौरव झाल्यावर त्यांना आठवले की हे लिहिलेले होते. मंदिर पाडून तीन दिवसांत उभारण्याच्या बोलाविषयीही तो असेच सांगतो. पूर्तता मागे वळून पाहिल्यावर दिसते, ही कबुली खुद्द शुभवर्तमानात आहे. टीकाकारांनी ती बाहेरून आणलेली नाही.

दुःखसहनाच्या कथेत जुने वचन आणि घटना इतकी एकमेकांत मिसळली आहेत की वेगळी करणे जवळपास अशक्य होते. बावीसावे स्तोत्र हा एका छळलेल्या माणसाचा विलाप आहे. त्यात भविष्यकाळ नाही. माना डोलावणारे टवाळखोर, वाटून घेतलेली वस्त्रे, त्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या, सारे त्या स्तोत्रात आहे आणि मार्कातला मरणारा येशू त्याच स्तोत्राच्या पहिल्या ओळीने हाक मारतो. घटना तशी घडली म्हणून स्तोत्र आठवले, की स्तोत्र मनात असल्याने घटना त्याच्या शब्दांत सांगितली गेली? काही ठिकाणी वचनाचा कथेवरचा ठसा स्पष्ट दिसतो. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात गाढव आणि शिंगरू हे एकाच जनावराचे दोन चरणांत केलेले वर्णन आहे, इब्री काव्याची ती रीतच आहे. मत्तय मात्र दोन जनावरे आणतो. येशूला धरून देणाऱ्या यहुदाच्या तीस रुपयांचे वचन तो यिर्मयाच्या नावावर घालतो, शब्द मुख्यतः जखऱ्याचे आहेत. अशी स्थळे दडवण्यात श्रद्धेचे हित नाही. उलट खिळलेल्या मशीहाची कथा कोणी केवळ वचने जुळवून रचली असेल हेही पटत नाही, कारण त्या काळी मशीहाकडून कोणी क्रूसाची अपेक्षा करत असल्याचा पुरावा फारसा नाही. जुळवायची असती तर यापेक्षा सोपी वचने शास्त्रात भरपूर होती.

यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, इतरांची दुखणी वाहणाऱ्या सेवकाचा, ख्रिस्ती वाचनाच्या मध्यभागी आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून तो वाचतो आहे आणि फिलिप्पाला विचारतो : संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्प येशूची कथा सांगतो. यहुदी भाष्यकारांपैकी अनेकांनी त्या सेवकात सबंध इस्राएल पाहिला. खजिनदाराचा प्रश्न दोन हजार वर्षे उघडा आहे.

येशूने स्वतः सांगितलेली भाकिते हा वेगळा भाग. पेत्राचा नकार आणि यहुदाचा विश्वासघात यांची पूर्तता त्याच रात्री होते. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही हे इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीताच्या सैन्याने खरे केले. मार्काने ते घटनेआधी लिहिले की धुरळा बसत असताना, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मार्काच्या त्याच, तेराव्या अध्यायात ही पिढी सरण्याआधी हे सारे होईल असे म्हटले आहे, आणि मनुष्याच्या पुत्राचे मेघांवरून येणे त्या पिढीने पाहिले नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात या विलंबावर टवाळी करणाऱ्यांना उत्तर दिलेले आढळते, म्हणजे प्रश्न पहिल्या शतकांतच बोचू लागला होता. ख्रिस्ती श्रद्धेजवळ पूर्ण झालेल्या वचनांच्या बरोबरीने एक न आलेला दिवसही आहे, आणि दर आगमनकाळी मंडळी त्याची वाट पाहते.

पूर्ततेचा दावा लवकरच वादाचे हत्यार बनला. दुसऱ्या शतकात मार्कियनने जुना करार टाकून द्यावा असे सुचवले. रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि यहुदी शास्त्र आपल्याजवळ ठेवले. त्याच शतकाच्या मध्यानंतर जस्टिन मार्टरने त्रुफोन नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात त्रुफोन यशयाचे इम्मानुएल वचन हिज्कीयाविषयी असल्याचे सांगतो आणि जस्टिन ते मानत नाही. संवाद सभ्य आहे, पण पुढच्या शतकांत सूर बिघडला. तुमचेच ग्रंथ तुम्हाला कळले नाहीत, हा आरोप यहुद्यांवर इतक्या वेळा केला गेला की त्याचे परिणाम युरोपने विसाव्या शतकात पाहिले. रोमन कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहुदी लोकांविषयीची भूमिका बदलली, आणि २००१ मध्ये चर्चच्या बायबल आयोगाने यहुद्यांचे शास्त्रवाचन हे एक शक्य वाचन असल्याचे मान्य केले. मराठीत तर ही गोष्ट पुस्तकी नाही. कोकणातले बेने इस्राएल यहुदी मराठी बोलत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या शास्त्रातल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. अब्राहाम आणि मोशे मराठीत गायले गेले ते येशूपर्यंत न येताही, आणि ते गाणे अपुरे नव्हते.

मराठीत भाकीत-पूर्ततेची पहिली मोठी मांडणी गोव्यात झाली. १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत : पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंत, दुसरे पुराण येशूचे चरित्र. जुना करार म्हणजे वाट पाहणे आणि नवा म्हणजे येणे, ही रचना ओवीबद्ध मराठीत त्याने अशी बसवली की ग्रंथाचे दोन भागच विषय सांगतात.

अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, या विषयात येते ते १८३१ मध्ये. मुंबईत १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने त्या वर्षी नगरात ठाणे घातले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरातच सुरू झाले. पहिल्या काळातल्या प्रचारात भाकिताचा उपयोग पुराव्यासारखा होई : अमुक वचन अमुक वर्षी लिहिले, अमुक वर्षी खरे ठरले, म्हणून शास्त्र देवाचे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी धर्मरक्षणाच्या ग्रंथांची ही शैली मराठी श्रोत्यापर्यंत पोचायला अडचण होती, कारण अवतार आधीच सांगितलेले असणे ही गोष्ट त्याला मुळीच नवी नव्हती. पुराणांत ती पानोपानी होती.

गावोगाव पोचले ते कीर्तन. १८६० च्या दशकात नगरच्या मिशनच्या वर्तुळात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्याचे नावाजलेले कीर्तनकार झाले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक पद किंवा वचन घेऊन त्याचे निरूपण होते, उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान लागते, आणि शेवटी कीर्तनकार मूळ पदावर येतो तेव्हा श्रोत्याला ते पद आधीपेक्षा अधिक अर्थाने ऐकू येते. संदेष्ट्याचे वचन आणि येशूची कथा यांचे शुभवर्तमानातले नाते या बांधणीत आयते बसते. आख्यान पदाला खरे करते ते त्यातले भविष्य जुळवून नव्हे. पदात आधीपासून असलेले पण न दिसलेले दाखवून. मत्तयाने होशेयाचे जे केले त्याचे याहून सरळ स्पष्टीकरण इंग्रजी भाष्यांत क्वचित मिळते. टाळमृदंगाच्या साथीने पारावर बसून ऐकणाऱ्या श्रोत्याला ही रीत कोणी समजावून द्यावी लागत नव्हती. नेवासे तालुक्यात, जिथे परंपरेनुसार शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनचे मोठे ठाणे होते. कीर्तनाच्या कानाने ऐकणे तिथल्या लोकांना वंशपरंपरेने आलेले होते.

कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात भाकीत अगदी शब्दशः आले. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र त्यांना ओढून नेले ते या भाकिताने नव्हे. डोंगरावरच्या प्रवचनाने नेले, आणि त्याच प्रवचनात येशू म्हणतो की तो नियमशास्त्र व संदेष्टे रद्द करायला नव्हे तर पूर्ण करायला आला आहे. नगरला येऊन टिळक तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. ती शाळा चालवणारे रॉबर्ट ॲलन ह्यूम भारतीय धर्मपरंपरेकडे आदराने पाहणारे होते. टिळकांनी पूर्ततेचा विचार मत्तयाच्या पुढे नेला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि संतांची वचने हा आपला पहिला जुना करार आहे अशी त्यांची धारणा होती. भक्तिमार्गातल्या सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या पायऱ्यांतून ख्रिस्ताशी एकरूप होण्याचा अर्थ त्यांना उलगडला. जे. एन. फर्क्युहर यांचा 'द क्राउन ऑफ हिंदुइझम' हा पूर्ततेच्या मताचा प्रसिद्ध ग्रंथ १९१३ मध्ये आला, तेव्हा टिळक हेच मत अभंगांत जगत होते. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध चरित्र त्यांच्या १९१९ मधील निधनानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

या विचाराचे मोल मोठे आहे आणि त्याची अडचणही खरी आहे. तुमच्या परंपरेचा शेवट आमच्याकडे आहे, हे ऐकणाऱ्या वारकऱ्याला सुखाचे नाही. यहुद्यालाही ते कधी सुखाचे नव्हते. टिळकांनी ते बाहेरून कोणाच्या माथी मारले नाही, स्वतःच्या जगण्याविषयी सांगितले, म्हणून त्यांच्या तोंडी ते शोभते. हेच वाक्य दुसऱ्याच्या धर्माविषयीचा सिद्धांत झाले की त्यातले आर्जव जाते. जोतीराव फुल्यांनी पूर्ततेची कथा वेगळीच सांगितली. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला पश्चिमेकडचा बळी म्हणून पाहिले आणि शेतकऱ्याघरची बळीचे राज्य येण्याची मागणी त्या ओळीत लावली. तिथे जुना करार आहे तो लोकांच्या तोंडी असलेल्या बळीच्या आठवणीचा.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या बहुसंख्येचा प्रश्न मात्र टिळकांचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळांच्या वर्षांत विशेष, मंडळीत आले ते मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांतले लोक. ज्या देवळाच्या दारात त्यांना उभे राहू दिले नाही त्या परंपरेची पूर्तता होणे ही त्यांची निकड नव्हती. त्यांना चोखोबा जवळचे, आणि चोखोबा स्वतः दाराबाहेरचे. त्यांच्यासाठी पूर्ततेचे स्थळ म्हणजे नासरेथचे सभास्थान आणि त्यात वाचलेला यशयाचा एकसष्टावा अध्याय. १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राची पायाभरणी करताना अरविंद पी. निर्मळ यांनी अनुवादाच्या सव्वीसाव्या अध्यायातला भटक्या पूर्वजाचा, दास्याचा आणि सुटकेचा कबुलीपाठ दलितांच्या इतिहासाशेजारी ठेवला, आणि नासरेथच्या त्या वाचनात दलितांसाठीचा जाहीरनामा वाचला. कोणाचा भूतकाळ जुना करार ठरवायचा, हा प्रश्न त्यांनी टिळकांपेक्षा वेगळ्या बाजूने सोडवला.

हा विषय मुळातून वाचू इच्छिणाऱ्याने अवतरणापुरते वचन न घेता सबंध अध्याय वाचावा : मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांआधी यशयाचा सातवा, होशेयाचा अकरावा आणि यिर्मयाचा एकतिसावा, दुःखसहनाच्या कथेआधी बावीसावे स्तोत्र शेवटपर्यंत, कारण त्याचा शेवट विलापात होत नाही. लूकाचा चौथा अध्याय यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायाशेजारी ठेवावा. त्यानंतर 'क्रिस्तपुराणा'चे पहिले पुराण, टिळकांचे अभंग आणि 'ख्रिस्तायन' या क्रमाने गेल्यास मराठीने हा विषय कसा पचवला ते दिसते. कॅथलिक मंडळीत रविवारच्या मिस्सेत आणि इतर मंडळ्यांत नाताळच्या उपासनेत जुन्या करारातला पाठ आधी आणि शुभवर्तमान नंतर वाचले जाते, तो क्रम याच जुन्या वाचनपद्धतीतून आलेला आहे.